अद्भुतकथा आणि शालेय वाचन : निवड व योजना

१. विषयाचे प्रयोजन

मुलास अक्षरे जुळवून वाचता येऊ लागले की वाचनशिक्षणाचे काम संपले, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. परंतु वाचता येणे आणि वाचावेसे वाटणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली पाठ्यपुस्तकाने साधते. दुसरीसाठी, मूल कोणी न सांगता शेवटच्या पानापर्यंत जाईल असे पुस्तक त्याच्या हाती पडावे लागते. हे सामर्थ्य ज्या वाङ्मयप्रकारात विशेषेकरून असते, तो म्हणजे अद्भुतकथा. राक्षस, पऱ्या, बोलणारे प्राणी, चंद्रावरील स्वाऱ्या यांनी भरलेली पुस्तके शाळेच्या कपाटात बहुधा असतातही. परंतु कपाटाला कुलूप असते, आणि ती मुलांना द्यावीत की न द्यावीत याविषयी शिक्षकाच्या मनात किंतु असतो. तो किंतु दूर व्हावा आणि पुस्तके कोणती द्यावीत व कशी द्यावीत हे स्पष्ट व्हावे, एवढ्यासाठी प्रस्तुत लेख आहे.

२. अद्भुताची परंपरा

मराठवाड्यातील मुलास अद्भुत नवे नाही. भोपळ्यात बसून लेकीकडे जाणारी म्हातारी, मेणाच्या घरातली चिमणी, आटपाट नगरातील राजा-राणी ही मंडळी शाळेत येण्यापूर्वीच त्याच्या परिचयाची झालेली असतात. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी याच जिल्ह्यात आहे. बाळ नामदेवाच्या हातचा नैवेद्य विठ्ठलाने ग्रहण केल्याची व त्यांच्या कीर्तनासाठी औंढ्याचे देऊळ फिरल्याची कथा येथील घराघरांत सांगितली जाते. या कथा श्रद्धेच्या आहेत. त्यांची गणना कल्पित कथांत करावयाची नाही व त्यांची परीक्षाही वर्गात घ्यावयाची नाही. मात्र अलौकिक ऐकण्याची सवय येथील मुलाच्या कानास आहे, एवढे त्यावरून ध्यानी येते.

याहून जुनी एक गोष्ट शिक्षकांनी अवश्य सांगण्याजोगी आहे. गोदातीरावरील प्रतिष्ठान म्हणजे आजचे पैठण येथील सातवाहन राजाच्या पदरी गुणाढ्य नावाचा पंडित होता. एका पैजेत हरल्यामुळे त्याने संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषांचा त्याग केला आणि सात लक्ष श्लोकांची ‘बृहत्कथा’ पैशाची भाषेत रचली. ही पिशाच्चांची भाषा, असे म्हणून राजाने ती नाकारली. तेव्हा गुणाढ्य अरण्यात गेला आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून अग्नीत टाकू लागला. ऐकता ऐकता प्राणी चारापाणी विसरले. राजाला हे कळून तो धावत आला, तोवर सहा लक्ष श्लोक भस्म झाले होते. एक लक्ष उरले. ही आख्यायिका होय. परंतु सोमदेवाने काश्मीरात अकराव्या शतकात रचलेला ‘कथासरित्सागर’ याच बृहत्कथेवर आधारलेला आहे, आणि विक्रम-वेताळाच्या पंचवीस कथा त्यात आल्या आहेत. वेताळाची जी गोष्ट मुले ‘चांदोबा’ मासिकातून वाचीत आली, तिचे मूळ अशा रीतीने परंपरेने मराठवाड्याच्या भूमीशी जोडलेले आहे.

या आख्यायिकेत शिक्षकासाठी एक इशाराही आहे. भाषेवरून कथा नाकारली की ती जळून जाते. तांड्यावरील मूल घरी गोरमाटी बोलते. त्याच्या आजीजवळ कथांचे भांडार असते. शाळेने ते कानाआड केल्यास ग्रंथालयातील कोणतेही पुस्तक ती उणीव भरून काढू शकणार नाही.

३. आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप असा की, अद्भुतकथा म्हणजे असत्य. मुलांना असत्य का शिकवावे? याचे उत्तर मुलांच्या खेळातच आहे. काठीचा घोडा करून धावणारे मूल काठीला दाणावैरण खरोखर घालीत नाही. मानलेले आणि खरे यांतील सीमारेषा त्याला वयानुरूप कळू लागते, आणि अशा कथांनी ती अधिक स्पष्ट होते. अगदी लहान मुलांना परीकथा सांगण्यास डॉ. माँटेसरी अनुकूल नव्हत्या. तथापि त्यांच्याच पद्धतीचे पुरस्कर्ते असूनही गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी कथेला शिक्षणात मानाचे स्थान दिले. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील शिक्षक चौथीच्या दंगेखोर वर्गाला वश करतो, तो गोष्ट सांगूनच. माँटेसरींचा विचार अगदीच सोडून देण्याजोगा आहे असेही नाही. खरे आणि मानलेले यांचा भेद ज्या वयात पक्का झालेला नसतो, त्या वयात भयकारक कथा टाळाव्यात, एवढा बोध त्यातून अवश्य घ्यावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे १९७६ पासून राज्यघटनेतील मूलभूत कर्तव्य आहे आणि महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला आहे. मग शाळेतच भुताखेतांची पुस्तके कशी वाचावयाची? येथे भेद नीट पाहिला पाहिजे. अंधश्रद्धा ‘हे खरे आहे, भी’ असे सांगते. अद्भुतकथा ‘असे समजा’ म्हणून आरंभ करते. भानामतीच्या भीतीने ज्या घरी दिवेलागणीनंतर मूल अंगणात जात नाही, त्या मुलाने विंदा करंदीकरांचे ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’ वाचून भुतांना पोट धरून हसावे, यासारखे भीतीवर औषध नाही. ज्या भुताला हसता येते, त्याचा धाक फार काळ टिकत नाही.

तिसरा आक्षेप असा की, अशा वाचनाने अभ्यासाची हानी होते. याचे उत्तर जिल्ह्यातच उभे राहत आहे. औंढा नागनाथ तालुक्यात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असावयाच्या असून, कोट्यवधी वर्षांपूर्वी दूर अंतराळात दोन कृष्णविवरांची टक्कर झाल्याने उठलेला सूक्ष्म कंप टिपणे हे तिचे कार्य आहे. अशा लहरींचे अस्तित्व आइन्स्टाइन यांनी १९१६ साली गणिताने वर्तविले आणि प्रत्यक्ष वेध १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत लागला. मधल्या काळात, १९७४ साली, जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस पाठविली आणि ती पहिली आली. कृष्णविवराची कल्पना ज्या विद्यार्थ्याने गोष्टीतून एकदा मनात घोळविली आहे, त्याला घराजवळील वेधशाळेत काय चालणार आहे हे समजणे सुलभ जाईल. ज्याची कल्पनाशक्ती कधी हललीच नाही, त्याला ती चार भिंती आणि नळकांड्यांची इमारतच दिसेल.

४. निवडीच्या कसोट्या

अद्भुत आहे म्हणून प्रत्येक पुस्तक चांगले असते असे नाही. पुस्तक घेण्यापूर्वी शिक्षकाने ते स्वतः वाचावे व पुढील गोष्टी पाहाव्यात.

(अ) कथेतील जादूला काही नियम आहे काय? वाटेल तेव्हा वाटेल ते घडत असेल तर मुलाची उत्कंठा लवकर मरते.
(आ) नायक किंवा नायिका स्वतः धडपड करते काय? देवदूताने सर्व संकटे दूर करावीत आणि नायकाने झोपून राहावे, अशी कथा कमी प्रतीची.
(इ) काळा रंग, व्यंग, सावत्रपणा किंवा विशिष्ट जात यांचा दुष्टपणाशी संबंध जोडला आहे काय? असल्यास पुस्तक वगळावे. अन्य कारणांनी ठेवावयाचेच झाल्यास त्यावर वर्गात चर्चा करावी.
(ई) मंत्र, गंडा, अंगारा यांचा उपाय खरोखरचा म्हणून सांगितला आहे काय? असे पुस्तक शाळेत नसावे.
(उ) टाइप मोठा व चित्रे स्पष्ट आहेत काय? पहिली-दुसरीसाठी ही कसोटी सर्वांत महत्त्वाची समजावी.

५. इयत्तावार पुस्तके

पहिली व दुसरी : या वयात वाचनापेक्षा श्रवण अधिक. आरंभ लोककथांनी करावा व त्या शक्यतो मुलांच्या घरच्या बोलीत सांगाव्यात. विंदा करंदीकरांच्या ‘राणीची बाग’, ‘एटू लोकांचा देश’, ‘परी ग परी’ या कवितासंग्रहांतील निवडक कविता शिक्षकाने मोठ्याने म्हणाव्यात. अर्थ सांगत बसू नये. मुले नाद आधी पकडतात व अर्थ मागून येतो.

तिसरी व चौथी : जी. ए. कुलकर्णी यांचे ‘बखर बिम्मची’ हे पुस्तक या वयास योग्य आहे. प्रौढांसाठी गंभीर कथा लिहिणाऱ्या या लेखकाने लहान मुलाच्या मनातील नवलाचे जग येथे उभे केले आहे. याच वयात ‘अलबत्या गलबत्या’, ‘निम्मा शिम्मा राक्षस’ ही रत्नाकर मतकरी यांची बालनाट्ये स्नेहसंमेलनात बसविता येतील. चेटकिणीचे काम करणारे मूल चेटकिणीला कधीच भीत नाही.

पाचवी व सहावी : लुइस कॅरोल या टोपणनावाने लिहिणाऱ्या ऑक्सफर्डमधील गणिताच्या अध्यापकाने १८६५ साली ‘अ‍ॅलिस’ची गोष्ट प्रसिद्ध केली. मराठीत दे. ना. टिळकांनी तिची ‘वेणू वेडगावात’ केली आणि भा. रा. भागवतांनी ‘जाईची नवलकहाणी’. परक्या देशातील मुलगी वेणू व जाई होऊन मराठी अंगणात कशी खेळू लागली, हे मुलांना सांगावे; म्हणजे भाषांतर ही काय वस्तू आहे हे सहज कळेल. ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणल्या. त्या मूळच्या प्रौढांसाठी असल्याने मुलांकरिता केलेल्या संक्षिप्त आवृत्त्याच वापराव्यात.

सातवी, आठवी व पुढे : या वयाच्या मुलांना परी-राक्षस पोरकट वाटू लागतात, आणि नेमकी याच वळणावर वाचनाची सवय सुटते. येथे भागवतांनी मराठीत आणलेले ज्यूल व्हर्न उपयोगी पडतात. ‘चंद्रावर स्वारी’ वाचून झाल्यावर व्हर्नचा तोफगोळा आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलेले चांद्रयान-३ यांची तुलना करावी. तोफेच्या एकाच धक्क्याने गोळ्यातील माणसे जिवंत का राहिली नसती, हा प्रश्न विज्ञानाच्या तासालाही चांगला आहे. नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह येथे ठेवावा. ‘हॅरी पॉटर’ची सात पुस्तके व टोल्किन यांचे ‘हॉबिट’ मराठीत उपलब्ध आहेत. हॅरीची पहिली दोन-तीन पुस्तके सातवीपासून द्यावीत. पुढील भागांत मृत्यू व क्रौर्य वाढत जात असल्याने ती जरा मोठ्या वयासाठी राखावीत.

जेथे ग्रंथखरेदीस निधी तोकडा आहे, तेथे ‘किशोर’ मासिकाचा आधार घ्यावा. पाठ्यपुस्तक मंडळाने १४ नोव्हेंबर १९७१ पासून चालविलेल्या या मासिकाचे जुने अंक मंडळाने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत.

६. वर्गातील योजना

आठवड्यातून दोन वेळा वीस मिनिटे प्रकट वाचनासाठी राखावीत. शिक्षकाने वाचावे व उत्कंठेच्या जागी थांबून पुढे काय होईल ते मुलांना विचारावे. उत्तर चूक वा बरोबर ठरवू नये. ‘असे तुला का वाटले?’ एवढेच विचारावे. पाचवीपुढील वर्गांत फळ्यावर ‘मानलेले’, ‘खरे’ व ‘तपासून पाहावयाचे’ असे तीन रकाने आखून कथेतील गोष्टी मुलांकडूनच त्यांत भरवून घ्याव्यात. मागील आक्षेपांतील दुसऱ्याचे निरसन या तीन रकान्यांत व्याख्यानापेक्षा अधिक चांगले होते.

कथेच्या अखेरीस तात्पर्य सांगण्याचा मोह आवरावा. तात्पर्य सांगितले की गोष्टीचा धडा होतो, आणि धडा झाला की मूल पुस्तक मिटते. या वाचनावर गुण, लेखी परीक्षा किंवा गृहपाठ ठेवू नये. महिन्यातून एकदा घरी ऐकलेली एखादी गोष्ट मुलाने वर्गात सांगावी. ती गोरमाटीत, दखनीत वा अन्य बोलीत असल्यास आधी त्याच बोलीत ऐकावी, नंतर सर्वांनी मिळून मराठीत लिहावी व वर्गाच्या हस्तलिखितात घालावी.

पुस्तके घरी द्यावीत. देवघेवीची वही मुलांनीच ठेवावी. ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर जे मूल गाव सोडते, त्याच्या पिशवीत दोन पुस्तके आठवणीने घालावीत. सहा महिन्यांच्या खंडात त्याचे वाचन टिकले तर ते त्या दोन पुस्तकांमुळेच टिकेल. पुस्तक फाटून परत येईल ही भीती खरी आहे. परंतु फाटलेले पुस्तक वाचले गेलेले असते, आणि कपाटातील कोरे पुस्तक वाळवीच्या उपयोगी पडते.

७. समारोप

अद्भुतकथा ही अभ्यासातील करमणूक म्हणून सहन करावयाची गोष्ट नव्हे. जे समोर नाही ते मनात उभे करणे, हे वाचनाचे, गणिताचे आणि शास्त्राचेही मूळ आहे. त्याचा पहिला सराव येथे होतो. तो सराव खेड्यातील व तांड्यावरील मुलाला शहरातील मुलाइतकाच मिळाला पाहिजे. त्याच्या घरी पुस्तकांची मांडणी नसते. त्याला शाळेचे एकच कपाट असते.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी मुद्दे :
(१) आपल्या शाळेच्या कपाटात अद्भुतकथांची पुस्तके किती आहेत आणि गेल्या वर्षी त्यांपैकी किती मुलांच्या घरी गेली?
(२) विद्यार्थ्यांच्या घरच्या बोलीतील किती कथा शाळेने लिहून ठेविल्या?
(३) कपाटाची किल्ली कोणाकडे असते?