शॅल, मे आणि मस्ट : लहान शब्द, मोठे अर्थ

करारपत्रातील आकडे आपण काळजीपूर्वक वाचतो. शेजारचे सहायक क्रियापद मात्र दुर्लक्षित राहते. वस्तुतः बंधन कोणावर आणि मुभा कोणाला, हे तेच ठरविते.

'बॉरोअर शॅल रीपे' म्हणजे परतफेड करणे ऋणकोवर बंधनकारक आहे. 'बँक मे रिवाइज द रेट' म्हणजे व्याजदर बदलण्याचा अधिकार बँकेला आहे. तो बदललाच पाहिजे असे नाही. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ मध्ये हे दोन्ही शब्द एकत्र भेटतात. धनादेश अनादराचा गुन्हा सिद्ध झाल्यास शिक्षा होणारच, हे 'शॅल' सांगते. कारावास दोन वर्षांपर्यंत असू शकतो, ही कमाल मर्यादा 'मे' दर्शविते.

मराठीतील 'शकतो' क्षमता, शक्यता आणि परवानगी अशा तिन्ही अर्थी चालतो. म्हणून 'कॅन' आणि 'मे' यांचा अर्थ संदर्भानेच लावावा.

खरी गफलत नकारात होते. 'यू मस्ट नॉट शेअर द ओटीपी' ही स्पष्ट मनाई आहे : ओटीपी कोणालाही सांगता कामा नये. याउलट, जनधन खात्याविषयी 'यू डोन्ट हॅव टू कीप अ मिनिमम बॅलन्स' म्हटले, तर किमान शिल्लक ठेवण्याची सक्ती नाही, एवढाच अर्थ होतो. ठेवल्यास हरकत नसते. 'नीड नॉट'चाही आशय हाच.

स्वाक्षरीपूर्वी आपल्या प्रतीतील प्रत्येक 'शॅल' आणि 'मे' पेन्सिलीने अधोरेखित करावा. आपली कर्तव्ये कोणती आणि बँकेचे अधिकार कोणते, हे तत्काळ ध्यानी येईल.