नातू कोणाच्या नावावर?

एडिसन, न्यू जर्सी
८ फेब्रुवारी २०२६

चि. ओंकार यास,


तुझी लांबलचक मेल मिळाली. रात्री दीडला धाडलेली दिसली, म्हणजे तुमच्याकडे अमेरिकन रिटर्न्सचा बिझी सीझन सुरू झाला. पहिल्याच सीझनला रिव्ह्यूअरने फाइल एकही शेरा न मारता पास केली म्हणून तू खूश आहेस. मी त्या आनंदावर जरा पाणी ओतणार आहे, तेव्हा चहा घेऊन बस. आजीबाईंची सही अजून व्हायची आहे असं तू लिहिलंस म्हणूनच एवढं मोठं पत्र लिहिते आहे. क्लायंटचं नाव-गाव लिहिलं नाहीस हे मात्र फार बरं केलंस. मलासुद्धा लिहायचं नाही, कधीच.

तर तुझी फाइल अशी: ६३ वर्षांची आजी, शाळेच्या कॅन्टीनमध्ये नोकरी, वर्षाचा पगार ३८,००० डॉलर. सात वर्षांचा नातू वर्षभर तिच्याच घरात. तू म्हणतोस, "सगळा खर्च आजी करते, म्हणून डिपेंडंट तिचाच. सॉफ्टवेअरनेही हिरवी खूण दिली." आणि खाली, जाता जाता लिहावं तसं, "नोटमध्ये आहे की मुलगीही आता घरीच राहते." बाळा, अख्खी फाइल त्या शेवटच्या वाक्यात आहे आणि तू ती ताकातल्या माशीसारखी काढून बाजूला ठेवलीस.

तुझी चूक मला कळते. तू पहिली चार वर्षं वाईला माझ्या आईकडे वाढलास. दादा-वहिनी पुण्याहून शनिवारी यायचे. तुझं दूध, तुझे कपडे, बालवाडीची फी, सगळं आईच्या पेन्शनमधून व्हायचं आणि ओंकार कोणाचा असं कोणी विचारलं असतं तर आईने त्याला पायरीवरूनच परत पाठवलं असतं. आपल्याकडे करखात्यानेही ते कधी विचारलं नाही. आयकरात फीची सूट मिळते ती स्वतःच्या दोन मुलांपुरती. नातवाची फी भरणाऱ्या आजीला दमडी मिळत नाही, त्यामुळे भांडण व्हायचंही कारण नाही. इथे मात्र त्या एका पोराच्या नावावर हजारो डॉलर उभे असतात, म्हणून ते कोणाचं हे कागदावर ठरवावंच लागतं.

तू "खर्च" या शब्दावर अडकलास. कायदा तो प्रश्न आजीला विचारतच नाही, मुलाला विचारतो: तू स्वतःचा निम्म्याहून जास्त खर्च स्वतः करतोस का? सात वर्षांचं पोर काय करणार? तिथे सगळेच पास. पुढचा प्रश्न, वर्षातल्या निम्म्याहून जास्त रात्री ते कुठे झोपलं. सुट्टीला, दवाखान्यात किंवा शिकायला बाहेर गेलेल्या रात्री घरातच धरायच्या. ३१ डिसेंबरला रात्री अकराला जन्मलेलं बाळही वर्षभर घरात होतं असं मानतात. नातं, वय, मुक्काम. कोर्टाचा ताबा लागत नाही, दत्तकपत्र लागत नाही. खर्चाचा हिशेब येतो तो हेड ऑफ हाउसहोल्ड या घर चालवणाऱ्याच्या दर्जासाठी, आणि तोही मुलाचा नव्हे, घराचा: भाडं, वीज, घरात शिजणारा किराणा. शाळेचे बूट त्यात धरायचे नाहीत. २००४ च्या कायद्याने मुलाची एकच व्याख्या बसवली, त्याआधी प्रत्येक सवलतीची व्याख्या वेगळी होती. म्हणून जुने लोक अजूनही खर्चाच्या पावत्यांची पिशवी घेऊन येतात. तू तर जुनाही नाहीस.

या हिशेबाने आजी पात्र आहे, पण तिची मुलगी, म्हणजे नातवाची आई, निम्म्याहून जास्त वर्ष त्याच घरात असेल तर तीही तितकीच पात्र आहे. मूल दोघींच्याही घरात झोपलं, कारण घर एकच. मग टाय-ब्रेकर लागतो, आणि तो आईच्या बाजूने झुकलेला आहे. आईने क्लेम केलं तर विषय संपला. तिने नाही केलं तर आजी करू शकते, पण आजीचा एजीआय, म्हणजे करहिशेबातलं समायोजित उत्पन्न, आईच्यापेक्षा जास्त असेल तरच. ही अट २००९ पासूनची. आधी कोणी फाइल केलं, घर कोणाच्या नावावर आहे, पोर रात्री कोणाच्या कुशीत शिरतं, यातल्या कशाने काही ठरत नाही.

आता मुलीचं वय बघ. तू ते लिहिलेलंच नाहीस, म्हणजे विचारलेलंच नाहीस. समजा ती २२ वर्षांची आहे आणि कम्युनिटी कॉलेजात पूर्णवेळ शिकते. मग ती स्वतःच आजीची डिपेंडंट ठरू शकते, आणि जो स्वतः दुसऱ्याचा डिपेंडंट होऊ शकतो त्याला कोणालाच क्लेम करता येत नाही. मुलगी आणि नातू, दोघंही आजीच्या रिटर्नवर. पण समजा तिला २४ पूर्ण झाली आहेत आणि एखाद्या दुकानात अर्धवेळ काम करून तिने २१,००० डॉलर कमावले आहेत. मग गणित उलटं फिरतं. कागद-पेन्सिल घे आणि माझ्याबरोबर कर.

२०२५ च्या आकड्यांनी बघ. नातू आजीकडे ठेवला तर ती हेड ऑफ हाउसहोल्ड ठरते आणि तिची स्टँडर्ड डिडक्शन १५,७५० वरून २३,६२५ होते, त्याने कर साधारण हजार डॉलरने उतरतो. चाइल्ड टॅक्स क्रेडिट २,२००. अर्न्ड इन्कम क्रेडिट तिच्या पगाराला उतरत उतरत दोन हजारांच्या जरा आत येतं. एकूण ५,२०० च्या आसपास. आता तोच नातू आईकडे ठेव. घर ती चालवत नाही म्हणून हेड ऑफ हाउसहोल्ड नाही, ती सिंगलच. तरी २,२०० पूर्ण मिळतात, काही करात वळते होऊन आणि उरलेले हातात. आणि २१,००० च्या कमाईला अर्न्ड इन्कम क्रेडिट अगदी शिगेला असतं, एका मुलासाठी ४,३२८. बेरीज ६,५००च्या वर. म्हणजे आजीच्या नावावर घातल्याने त्या घराचे तेराशेहून जास्त डॉलर गेले. कॅन्टीनमध्ये काम करणाऱ्या बाईच्या घरात तेराशे डॉलर म्हणजे काय, हे मी तुला सांगायला नको.

ज्याचा पगार मोठा त्याच्या नावावर घाला, हा शहाणपणा २०१७ पर्यंत बऱ्याच घरांत चालून जायचा. तेव्हा प्रत्येक डिपेंडंटमागे ४,०५० ची एक्झेम्प्शन मिळे, आणि वरच्या टप्प्यात कर भरणाऱ्याला तिचा फायदा जास्त. २०१८ पासून ती शून्यावर आली आणि २०२५ च्या कायद्याने कायमची गेली. लोकांच्या डोक्यातून मात्र जात नाही.

आता माझी गोष्ट. २०११ च्या सीझनला एक आजोबा आले. मी विचारलं, मूल कोणाकडे राहतं? म्हणाले, माझ्याकडे. खरं होतं. मी पुढचा प्रश्न विचारला नाही: मुलाची आई कुठे राहते? आई त्याच घराच्या बेसमेंटमध्ये राहत होती आणि तिने जानेवारीतच स्वतःचं रिटर्न मुलासकट भरलं होतं. आमचं ई-फाइल नाकारलं गेलं. साहेब म्हणाले, कागदावर पाठव. मी पाठवलं. आजोबांचा रिफंड आला, त्यांनी तो घराच्या छपरावर घातला, आणि काही महिन्यांनी त्या घराच्या एकाच पत्रपेटीत करखात्याची दोन पत्रं पडली, मजकूर तोच, नावं दोन: या मुलाचा नंबर आणखी कोणीतरी वापरला आहे, तुमचं चुकलं असेल तर रिटर्न दुरुस्त करा. तो आणखी कोणीतरी जिन्याच्या तेरा पायऱ्या खाली राहत होता. आजोबा दोन्ही पाकिटं घेऊन माझ्या टेबलाशी आले. आवाज चढवला नाही. मुलीने बोलणं सोडलंय एवढंच म्हणाले. पैसे व्याजासकट परत करावे लागले. मला सगळे नियम पाठ होते रे, करखात्याचं पब्लिकेशन ५०१ मी झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. मूल दिसलं की आधी त्याच्या आई-बापांची चौकशी, मग बाकीचं. कुठे आहेत, हयात आहेत का, या घरात राहतात का, काय कमावतात, त्यांनी रिटर्न भरलं का, भरणार आहेत का. हे विचारणं सोपं नसतं. इथल्या लायब्ररीत दर शुक्रवारी मी फुकट रिटर्न भरून द्यायला बसते, तिथे येणाऱ्या किती आज्यांची मुलं तुरुंगात किंवा नशेत आहेत, काही वारली आहेत. १९९६ च्या एका कायद्यामुळे २००० पासून इथलं जनगणना खातंही विचारू लागलं, की सोबत नातवंडं राहतात का आणि त्यांची जबाबदारी तुमच्यावर आहे का. मी प्रश्न विचारते आणि मग फॉर्मकडे बघत बसते, समोरच्या आजीला सावरायला वेळ मिळावा म्हणून. ज्या घरात आई-बाप नाहीतच, तिथे टाय-ब्रेकरचा प्रश्नच उरत नाही, आजी एकटीच हक्कदार. दूरच्या गावी राहणारा बाप फोनवर "मी दरवर्षी त्याला क्लेम करतो" असं ठासून सांगतो, पण मूल वर्षभर आजीकडे झोपलं असेल तर त्या सांगण्याला फारसा अर्थ नसतो.

खातं एवढं खोदून का विचारतं, असा तुझा प्रश्न असेल. १९८६ च्या कायद्याने पाच वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक डिपेंडंटचा सोशल सिक्युरिटी नंबर लिहायला लावला, आणि १९८७ सालच्या रिटर्न्सवरून सुमारे ७० लाख डिपेंडंट एकदम नाहीसे झाले. काही दोन घरांत मोजलेली मुलं, काही मुळात नसलेली. असं पोळलेलं खातं ताक फुंकणारच. आज कोणी बेफिकिरीने खोटा क्लेम केला तर दोन वर्षं, आणि लबाडीने केला तर दहा वर्षं ही क्रेडिट बंद होतात. तुमच्या अमेरिकेतल्या ऑफिसला फॉर्म ८८६७ वर लिहून द्यावं लागतं की आम्ही विचारपूस केली, आणि ती केली नसेल तर दंड त्यांना. सही तुझी नसते, हे खरं. पण विचारपूस तुझ्या टेबलावर व्हायची होती.

पुरावा आत्ताच मागून ठेव. नातवाचं नातं एका कागदाने सिद्ध होत नाही: नातवाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव, आणि आईच्या जन्मदाखल्यावर आजीचं. मुक्कामासाठी शाळेचं किंवा डॉक्टरांचं पत्र, त्यावर आजीचाच पत्ता आणि २०२५ च्या तारखा. पुष्कळदा शाळेत आईचा जुना पत्ताच राहून गेलेला असतो.

आणि हो, तू शेवटी इथल्या आपल्या मंडळींबद्दल विचारलंस. व्हिजिटर व्हिसावर सहा महिने येऊन नातीला सांभाळून गेलेल्या आई-बाबांवर इथे सहसा काही मिळत नाही, इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक संक्रांतीला मी हे सांगते. उलटी केस जास्त गमतीची. इथे जन्मलेलं, अमेरिकन पासपोर्टचं बाळ दोन वर्षं साताऱ्याला आजीकडे ठेवलं, आणि आई-बाप चाइल्ड टॅक्स क्रेडिट घेत राहिले. मूल त्यांच्या घरात निम्मं वर्ष नव्हतं, आणि दोन वर्षांच्या मुक्कामाला तात्पुरता म्हणणं कठीण. निम्म्याहून जास्त खर्च त्यांनीच धाडला असेल तर ५०० चं छोटं क्रेडिट मिळू शकतं. दादा-वहिनी तेव्हा इथे असते तर तुझ्या बाबतीत मी हेच सांगितलं असतं, आणि वहिनी माझ्याशी महिनाभर बोलली नसती.

तर उद्या ऑफिसात गेलास की रिव्ह्यूअरला स्वतः सांग, फाइल परत उघडायची आहे. "माझ्याकडून विचारायचं राहिलं" एवढं वाक्य पुरे, लांबण लावू नकोस. तुला क्लायंटला फोन करता येत नाही, तेव्हा क्वेरी नीट लिही. मुलीची जन्मतारीख काय, ती कधीपासून या घरात आहे, २०२५ मध्ये कोणत्याही पाच महिन्यांत पूर्णवेळ शिकत होती का, कमाई किती, तिने रिटर्न भरलं का आणि त्यात मुलाचं नाव घातलं का. मुलाचे वडील कुठे असतात. आणि हे सगळं आजीने मुलीसमोर बसून सांगावं, अशी विनंती घाल. दोन्ही बेरजा सोबत जोड, निवड त्यांची त्यांना करू दे. उत्तर येईपर्यंत फाइल होल्डवर. १५ एप्रिलला अजून नऊ आठवडे आहेत, आणि अर्न्ड इन्कम क्रेडिटचे रिफंड कायद्यानेच फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत अडवून ठेवतात, त्यामुळे तुझ्या घाईने तिला एक दिवसही लवकर मिळणार नव्हतं.

इ.ए.च्या (एन्रोल्ड एजंट) परीक्षेच्या तिसऱ्या पेपरचं काय ठरवलंस ते कळव. जेवणाच्या वेळा सांभाळ. वाईला फोन केलास की माझ्या आईला सांग, मेतकूट पोचलं, डबा मात्र कस्टम्सवाल्यांनी उघडून पाहिलेला दिसतो.

तुझी,
शुभा आत्या