गर्भपात केंद्रातील सोबतीण : काम आणि मर्यादा

धडगाव किंवा मोलगी परिसरातील एखाद्या पाड्यावरून तळोदा, शहादा अथवा नंदुरबार गाठावयाचे, तर पायवाट, जीप आणि एस. टी. असा प्रवास घडतो. गर्भपातासाठी निघालेल्या स्त्रीने तो एकटीने करणे अवघड असते. आई, जाऊ, शेजारीण किंवा आशा स्वयंसेविका तिच्या सोबतीला जाते. या सोबतीणीचे नेमके काम कोणते, याविषयी मात्र बरेच गैरसमज आहेत.

पहिला गैरसमज सहीचा. शांतिलाल शाह समितीच्या १९६६ च्या अहवालानंतर संसदेने १९७१ मध्ये वैद्यकीय गर्भपात अधिनियम संमत केला. तो १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. मानसिक आजार नसलेल्या सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती या कायद्यान्वये पुरेशी आहे. पतीची सही, सासूचा होकार किंवा सरपंचाचा दाखला कायदा मागत नाही. अविवाहितेलाही हाच अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट केले. सही वा अंगठा तिचाच. सोबतीण ही जामीन नव्हे. मुलगी १८ वर्षांखालील असल्यास पालकाची लेखी संमती लागते व बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानुसार पोलिसांना कळविणे बंधनकारक ठरते. तथापि मुलीने आणि पालकाने विनंती केल्यास डॉक्टरांनी तिचे नाव त्या माहितीत देण्याची गरज नाही, असेही त्याच निकालात म्हटले आहे.

सोबतीणीचे खरे काम भाषेपासून सुरू होते. स्त्री भिली किंवा पावरी बोलणारी, डॉक्टर मराठी बोलणारे. अशा वेळी प्रश्न तिला समजावून सांगावा व तिचेच उत्तर पुढे पोहोचवावे. तिच्या वतीने उत्तर देण्याचा मोह टाळावा. हे बोलण्यास सोपे, पाळण्यास कठीण आहे. शेवटची पाळी ‘होळीनंतरच्या दुसऱ्या बाजाराला’ आली, असे ती सांगेल. त्यावरून तारीख काढताना घाई नको. २०२१ च्या दुरुस्तीनुसार २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचे मत पुरते. २० ते २४ आठवड्यांत दोघांचे लागते आणि तेही ठरावीक परिस्थितीतील स्त्रियांनाच. सिकलसेलची तपासणी झाली असल्यास तिचे कार्डही बरोबर न्यावे. या जिल्ह्यात हा आजार बराच आढळतो आणि डॉक्टरांना तो आधी ठाऊक असणे आवश्यक असते.

गुप्तता भंग करणाऱ्या डॉक्टरांस एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सोबतीण या कलमाखाली येत नाही, पण एस. टी. त भेटलेल्या ओळखीच्या माणसाने ‘कुठे निघालात?’ असे विचारल्यास काय सांगावयाचे, हे त्या स्त्रीनेच घरून निघण्यापूर्वी ठरवावे.

परतीपूर्वी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. गोळ्यांनी गर्भपात होणार असल्यास दुसरी गोळी सामान्यतः २४ ते ४८ तासांनी घ्यावयाची असते. ती कोठे घ्यावयाची? आणि पुन्हा दाखवावयास कधी यावयाचे? घरी गेल्यावर सलग दोन तास दर तासाला दोन घड्या भिजत असतील, ताप उतरत नसेल, स्रावाला दुर्गंधी असेल किंवा भोवळ येत असेल, तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पाड्यावर मोबाइलला ‘रेंज’ नसल्यास फोन कोणत्या टेकडीवर लागतो, याची चौकशी सोबतीणीने आदल्या दिवशीच करून ठेवावी.