साउथ फोरलंडचा दीपस्तंभ

इंग्लंड आणि फ्रान्स हे दोन देश जेथे एकमेकांच्या सर्वांत निकट येतात, तेथील समुद्राच्या चिंचोळ्या पट्ट्याला डोव्हरची सामुद्रधुनी म्हणतात. तिची रुंदी अवघी सुमारे ३४ किलोमीटर आहे. इंग्लंडच्या बाजूला खडूच्या दगडाचे पांढरेशुभ्र कडे समुद्रातून सरळ वर उठलेले दिसतात. डोव्हर शहराकडून निघालेली पायवाट या कड्यांच्या काठाने जाते. डाव्या हाताला हिरवीगार कुरणे आणि उजव्या हाताला खोल खाली गर्जणारा समुद्र, अशी सुमारे तासाभराची वाट चालून गेल्यावर प्रवाशाच्या दृष्टीस एक पांढरा मनोरा पडतो. हाच साउथ फोरलंडचा सुप्रसिद्ध दीपस्तंभ होय.

मनोऱ्याची उंची २१ मीटर आहे. पण तो कड्याच्या माथ्यावर असल्यामुळे त्याचा दिवा समुद्रसपाटीपासून सुमारे ११४ मीटर उंचावर येतो. आतील जिना चढून सज्जात उभे राहिले, की स्वच्छ हवेच्या दिवशी फ्रान्सचा किनारा स्पष्ट दिसतो. खाली जहाजांची सारखी ये-जा चाललेली असते. समुद्र शांत व मोकळा वाटतो. अशा ठिकाणी दीपस्तंभ बांधण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात सहज येतो.

या प्रश्नाचे उत्तर पाण्याखाली दडलेले आहे. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर ‘गुडविन सँड्स’ या नावाचा वाळूचा प्रचंड दांडा पसरला आहे. त्याची लांबी सुमारे १६ किलोमीटर आहे. भरतीच्या वेळी तो पूर्णपणे पाण्याखाली जातो. ओहोटीला त्याचा काही भाग उघडा पडतो आणि ती वाळू इतकी टणक होते, की तिच्यावर लोकांनी हौसेने क्रिकेटचे सामनेही खेळले आहेत. परंतु भरतीचे पाणी चढू लागले, की तीच वाळू भुसभुशीत होते आणि तिच्यावर रुतलेले जहाज हळूहळू गिळू लागते. नोव्हेंबर १७०३ मधील एका भयंकर वादळात इंग्लंडच्या चार युद्धनौका येथे एका रात्रीत नष्ट झाल्या आणि हजारांहून अधिक खलाशी प्राणांस मुकले.

आपल्या देशाशीही या वाळूचा एक दुवा जुळलेला आहे. १८०९ च्या जानेवारीत ईस्ट इंडिया कंपनीचे ‘ॲडमिरल गार्डनर’ हे जहाज मद्रासला जाण्यासाठी निघाले होते. मद्रास इलाख्यात चलनात आणावयाची तांब्याची नाणी त्यात पिंपे भरभरून ठेवली होती. वादळाने ते याच दांड्यावर नेऊन आदळले. ज्या बाजारांसाठी ती नाणी पाडली होती, ते बाजार त्यांनी कधी पाहिलेच नाहीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाणबुड्यांनी त्यांपैकी पुष्कळशी नाणी समुद्रतळातून वर काढली.

या संकटाची सूचना देण्यासाठी सतराव्या शतकापासूनच येथे दिवे लावले जात असत. प्रारंभी तो दिवा म्हणजे उघड्यावर पेटवलेली कोळशाची शेगडीच होती. तेलाचे दिवे पुढे आले. १७३० मध्ये विल्यम नॉट नावाचा गृहस्थ येथे दिवा राखण्याच्या कामावर रुजू झाला. त्याच्यानंतर त्याच्या मुलानातवंडांनी पिढ्यान्पिढ्या हेच व्रत चालविले. सूर्यास्ताला दिवा लावायचा आणि सूर्योदयापर्यंत तो विझू द्यायचा नाही, एवढेच ते काम. पण त्यात एका रात्रीचीही सूट नव्हती.

येथे एक नव्हे, तर दोन दिवे होते. एक कड्याच्या माथ्यावर आणि दुसरा त्याच्या पुढे, थोडा खालच्या बाजूस. समुद्रातून येणाऱ्या तांडेलास वरचा दिवा खालच्या दिव्याच्या नेमका डोक्यावर दिसला, की आपण वाळूच्या दक्षिण टोकाबाहेरून सुरक्षित चाललो आहोत, असे तो समजत असे. मोठी सोपी आणि चतुर अशी ही युक्ती होती. पण समुद्रातील वाळू एका जागी स्थिर राहत नाही. कालांतराने दांडा सरकला आणि दोन दिव्यांची रेषा पूर्वीइतकी खरी राहिली नाही. चुकीची वाट दाखविणारा दिवा अंधाराहूनही अधिक घातक असतो. म्हणून १९०४ मध्ये खालचा दिवा कायमचा बंद करण्यात आला. त्याचा जुना मनोरा कड्याच्या काठाजवळ आजही उभा आहे.

विज्ञानाच्या इतिहासातही या दीपस्तंभाचे स्थान मोठे आहे. थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे हे १८३६ पासून इंग्लंडच्या दीपस्तंभांचे शास्त्रीय सल्लागार होते. लोहाराच्या पोटी जन्मलेल्या आणि लहानपणी पुस्तकबांधणीचे काम केलेल्या या माणसाने १८३१ मध्ये चुंबकाच्या साह्याने वीज निर्माण करण्याचे तत्त्व शोधून काढले होते. त्याच तत्त्वावर फ्रेडरिक होम्स यांनी वाफेच्या इंजिनाने चालणारे यंत्र तयार केले. त्या यंत्रातील विजेने कोळशाच्या दोन कांड्यांमध्ये झगझगीत ज्योत निर्माण होई. डिसेंबर १८५८ मध्ये साउथ फोरलंडच्या मनोऱ्यात हा विजेचा दिवा प्रयोगादाखल लावण्यात आला.

दिवा प्रखर होता, यात शंका नव्हती. पण तो भरवशाचा आहे काय, हा खरा प्रश्न होता. एकदाच लखलखून विझणारा दिवा खलाशांच्या काय कामाचा? म्हणून फॅरडे स्वतः येथे येऊन पाहणी करीत. फेब्रुवारी १८६० मध्ये ते डोव्हरला आले, तेव्हा दीपस्तंभाकडे जाणारे रस्ते बर्फाने बंद झाले होते. त्या वेळी त्यांचे वय ६८ वर्षांचे होते. तरीही कुंपणे आणि भिंती ओलांडीत, शेतांतून वाट काढीत ते दीपस्तंभापर्यंत पोहोचले आणि त्यांनी आवश्यक ती सर्व चौकशी पुरी केली. हा दिवा वापरण्यास योग्य आहे, असा अभिप्राय त्यांनी पुढे दिला. १८७२ मध्ये साउथ फोरलंडला विजेचा दिवा कायमचा बसविण्यात आला.

तथापि दिवा कितीही प्रखर असला, तरी त्याला फक्त बोलता येत होते, ऐकता येत नव्हते. ‘इकडे येऊ नका’ असे तो जहाजांना सांगे; पण रुतलेल्या जहाजाची हाक त्याला कळत नसे. वाळूजवळ नांगरून ठेवलेल्या दीपनौकांवरून तोफा आणि अग्निबाण उडवून किनाऱ्याला खबर देण्याची पद्धत होती. परंतु दाट धुक्यात अग्निबाण दिसत नसत आणि सोसाट्याच्या वाऱ्यात तोफेचा आवाज विरून जाई.

ही उणीव गुल्येल्मो मार्कोनी या तरुण इटालियन संशोधकाने दूर केली. २४ डिसेंबर १८९८ रोजी ‘ईस्ट गुडविन’ ही दीपनौका आणि सुमारे १९ किलोमीटरवरील साउथ फोरलंडचा दीपस्तंभ यांच्यात बिनतारी संदेशांची देवघेव सुरू झाली. पुढल्या मार्चमध्ये ‘एल्ब’ हे जहाज धुक्यात वाळूवर चढले, तेव्हा दीपनौकेने बिनतारी यंत्रावरून दीपस्तंभाला वार्ता दिली आणि तेथून रॅम्सगेटच्या जीवनरक्षक नौकेला बोलावणे गेले. एप्रिलमध्ये तर एका आगबोटीची धडक खुद्द त्या दीपनौकेलाच बसली आणि तिने स्वतःसाठी मदत मागितली. त्याच मार्च महिन्यात फ्रान्समधील विमेरो येथून निघालेला संदेश समुद्र ओलांडून साउथ फोरलंडला पोहोचला होता. कड्यावरचा मुका दिवा आता ऐकूही लागला होता.

दीपस्तंभ पाहून झाल्यावर प्रवासी जवळच्या डील या गावी जातात. तेथील जुन्या मनोऱ्यात काळाचे आणि संदेशवहनाचे संग्रहालय आहे. या मनोऱ्याच्या शिखरावर एक मोठा गोळा बसविलेला आहे. १८५५ पासून १९२७ पर्यंत दररोज दुपारी बरोबर एक वाजता, ग्रीनिचच्या वेधशाळेकडून तारेने इशारा येताच, हा गोळा खाली पडत असे आणि समुद्रात नांगरलेल्या जहाजांवरील खलाशी त्याप्रमाणे आपली घड्याळे लावून घेत. घड्याळ केवळ चार सेकंद चुकले, तरी विषुववृत्ताजवळ जहाजाच्या स्थानाच्या गणितात जवळजवळ दोन किलोमीटरचा फरक पडतो. वाळूच्या दांड्यातून वाट काढणाऱ्या जहाजाला एवढी चूक परवडणारी नव्हती.

१९८८ मध्ये साउथ फोरलंडचा दिवा बंद झाला. जहाजांना मार्ग दाखविण्याची नवी साधने आता उपलब्ध झाली आहेत. १९८९ मध्ये ऐतिहासिक वास्तूंचे जतन करणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने ही वास्तू विकत घेतली आणि आता ती राष्ट्राचा ठेवा म्हणून राखली आहे.

गुडविनच्या वाळूवर बुडालेल्या अनेक जहाजांची नावे इतिहासात आढळतात. परंतु कड्यावरचा प्रकाश पाहून ज्यांनी वेळीच सुकाणू फिरविले आणि जी सुखरूप आपल्या बंदरास लागली, अशा जहाजांची यादी कोठेच नाही. ज्यांचे प्राण वाचले, त्यांना दिवा राखणाऱ्याचे नावही ठाऊक नव्हते आणि दिवा राखणाऱ्यानेही त्यांची तोंडे कधी पाहिली नव्हती. तरीही सूर्यास्त झाला, की तो नित्यनेमाने जिना चढत असे.

स्वाध्याय

१. गुडविन सँड्सची वाळू जहाजांना धोकादायक का ठरते?
२. दोन दिव्यांच्या साह्याने खलाशी सुरक्षित मार्ग कसा ओळखीत? खालचा दिवा का बंद करावा लागला?
३. ‘कड्यावरचा मुका दिवा आता ऐकूही लागला होता’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. फॅरडे यांचे कोणते गुण या पाठातून दिसून येतात?
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : प्राणांस मुकणे, व्रत चालविणे, वाट काढणे, नित्यनेम.