मोटारव्हॅनचे पुढील पाय



इस्लापुराहून सहस्रकुंडाचा धबधबा पाहावयास जे बैलगाडींतून गेले असतील, त्यांस धक्का म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. चाकाला बसलेला हादरा जसाच्या तसा बसणाराच्या कण्यापर्यंत पोंचतो, कारण मध्यें त्यास अडविणारें कांहींच नसतें. टांग्याला कमानी आल्या, ट्रकाला कमानपाटे आले. आपल्यांपैकीं कित्येक मुलें ज्या मारुती व्हॅनमधून शाळेंत येतात, तिच्या मागील चाकांवर असे पाटेच आहेत. पुढें मात्र निराळी युक्ति आहे. ही व्हॅन १९८४ सालीं निघाली, मागाहून ‘ऑम्नी’ या नांवानें प्रसिद्ध झाली, व २०१९ सालीं तिचें उत्पादन थांबलें; तरी रस्त्यावर ती अद्यापि दिसते.

तिच्या प्रत्येक पुढील चाकापाशीं एक उभा पाय असतो. अर्ल मॅकफर्सन नामक अमेरिकन इंजिनियराच्या नांवानें ही रचना ओळखतात. पायाचें वरचें टोक रबरी बैठकीच्या द्वारें गाडीच्या सांगाड्यास व खालचें टोक चाक धरणाऱ्या लोखंडी भागास जोडलेलें असतें. भोंवतीं वेटोळ्याची स्प्रिंग, आणि पोटांत तेलाची नळी, म्हणजे गॅरेजांतला ‘शॉकअप’. खालीं चाकास जागेवर धरणारा एक आडवा दांडा असतो. तो लोअर आर्म.

धक्का शॉकअप झेलतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चूक होय. भार व धक्का झेलते ती स्प्रिंग. रॉबर्ट हूक यानें १६७८ सालीं प्रसिद्ध केलेला नियम आपण वर्गांत पाहिला आहे: भार दुप्पट केला कीं स्प्रिंग दुप्पट दबते. परंतु दबलेली स्प्रिंग उसळते, उसळून पुन्हां दबते. तिला आवर नसेल तर एका खड्ड्यापायीं गाडी बराच वेळ नाचत राहील व चाकाची रस्त्यावरील पकड सुटेल. शॉकअपमधील दट्ट्या तेलाला बारीक छिद्रांतून ढकलतो, आणि त्या श्रमांत उसळीची शक्ति उष्णतेच्या रूपानें खर्ची पडते.

आपल्याकडील काळी जमीन पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावरचा रस्ता फार दिवस सपाट राहत नाहीं. त्यांत मुलें मर्यादेबाहेर कोंबलीं कीं स्प्रिंग आधींच दबून बसते, आणि पुढचा धक्का थेट सांगाड्यावर आदळतो.

पालकांनीं एक परीक्षा दारांतच करून पाहावी. उभ्या गाडीचा पुढील कोपरा दोन्ही हातांनीं जोरानें दाबून सोडावा. तो वर येऊन स्थिरावला तर ठीक. झोले घेत राहिला तर शॉकअप थकला. नळीवर तेल ओघळलें असेल किंवा टायर जागजागीं खोलगट झिजला असेल, तर संशय दृढ होतो. बदलावयाचे ते दोन्ही बाजूंचे एकदम. हें काम घरीं मात्र करूं नये. दबलेली स्प्रिंग योग्य शिकंजा लावल्यावांचून मोकळी केली तर ती माणसाचा जीव घेऊं शकते.

मला अधिक भय वाटतें तें एका लहानशा तुकड्याचें. लोअर आर्मच्या टोकास बॉल जॉइंट असतो. आपल्या खुब्यासारखाच हा उखळीचा सांधा. त्यावरील रबरी टोपी फाटली कीं धूळ शिरते, ग्रीस जातें, व सांधा झिजूं लागतो. तो निखळला तर चाक कलंडतें आणि स्टिअरिंग हातांत असून नसल्यासारखें होतें. माझीं स्वतःचीं मुलें ज्या व्हॅननें येत, तिच्यांतून दोन महिने ‘कट्-कट्’ असा आवाज येई. चालक म्हणे, “गुरुजी, रस्ताच तसा आहे.” मींही तें मानलें, विज्ञान शिकविणाऱ्यास हें शोभलें नाहीं. अखेर मिस्त्रीनें चाक जॅकवर उचललें, खालीं स्टँड लावला (नुसत्या जॅकच्या भरंवशावर कोणीं गाडीखालीं जाऊं नये), आणि चाक वर व खालीं धरून हलविलें. अशी ढिलाई चाकाच्या बेअरिंगचीही असूं शकते. म्हणून दुसऱ्यानें सांध्यावर नजर ठेवावी लागते. ती मीं ठेवली. सांध्यापाशीं फट उघडत होती, मिटत होती.

नवा सांधा बसवून चाकांची अलाइनमेंट करून घेतली. जुना आतां आमच्या प्रयोगशाळेंत फळीवर आहे. त्याची खुंटी बोटाच्या टोकानें हलते. नव्याची दोन्ही हातांनींही सहज हलली नव्हती.