वानरं सूड उगवतात का?

प्रश्न : आमच्या वाडीत वानरांची टोळी आली आहे. परवा एका वानराने कुत्र्याचं पिल्लू उचलून पत्र्यावर नेलं. माजलगावकडं झालं तसा सूड इथंही सुरू झाला, असं लोक म्हणतात. लेकरांना बाहेर सोडावं का?
– एक वाचक भगिनी, घनसावंगी (जि. जालना)

उत्तर : ताई, घाबरू नका. 2021 च्या डिसेंबरात माजलगाव तालुक्यातल्या लवूळची ‘सूडकथा’ देशभर गाजली : कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं म्हणून वानरं कुत्र्यांची पिल्लं मारतात, अशी. प्रत्यक्षात वन विभागाने तिथं दोनच वानरं पकडली. वानरांच्या माद्या एकमेकींची पिल्लं उचलून सांभाळतात. लाखो वर्षांत अंगात मुरलेली ही ओढ कधी परक्या पिल्लाकडेही वळत असावी. उंचावर पिल्लाला दूध मिळत नाही, ते पडतं किंवा उपाशी मरतं. बघवत नाही, पण त्यामागं वैर नसतं.

वानरांना पोळी-केळी देणं मात्र आजच थांबवा; हातचं खाऊनच ती धीट होतात. तान्ह्या बाळाला अंगणात एकटं ठेवू नका. दगड मारू नका, पिल्लासाठी पत्र्यावर चढू नका. वन विभागाला 1926 वर कळवा. चावलंच तर जखम साबण-पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्या.