जुन्या डच चित्रांतले कपडे

इतिहासाच्या पुस्तकात राजे आणि लढाया भेटतात, पण साधी माणसे रोज काय घालत होती हे क्वचितच कळते. सतराव्या शतकातील हॉलंडपुरती ही उणीव तेथील चित्रकारांच्या रेखाटनांनी बरीच भरून काढली आहे.

हेंड्रिक आव्हरकाम्प (१५८५–१६३४) हा काम्पेन गावचा मुका चित्रकार. गोठलेल्या पाण्यावर जमलेली गर्दी हा त्याचा आवडता विषय. त्याच्या चित्रांत चेहरे अगदी बारीक असतात, म्हणून कपडे पाहा. पिसाची टोपी आणि उंची झगा दिसला की पैसेवाले, जाड सैल विजार दिसली की कोळी किंवा कष्टकरी. बर्फ सर्वांना एकच, पण कोण कोणत्या घरचा हे लांबूनही कळते.

श्रीमंत व्यापारी मात्र बहुधा काळ्या कपड्यांत दिसतात. याला साधेपणा समजू नका. गडद, न विटणारा काळा रंग कापडावर चढवणे तेव्हा फार खर्चाचे होते. गळ्याभोवतीची पांढरी चुणीदार कॉलर तर इतकी मोठी असे की डच भाषेत तिचे नावच जात्याच्या तळीवरून पडले. तिला खळ घालून एकेक चुणी बसवावी लागे. ती घालणारा हाताने काम करीत नाही आणि धुणारे दुसरेच कोणी आहे, हे न सांगता समजते.

रेम्ब्रांने (१६०६–१६६९) भिकारी, फाटक्या चिंध्यांसकट, पुष्कळ रेखाटले. त्याच्या एका रेखाटनात दोन स्त्रिया बाळाला चालायला शिकवीत आहेत. बाळाच्या डोक्यावर जाड गादीची टोपी आहे, पडले तर लागू नये म्हणून! त्याने मुघल लघुचित्रांवरूनही वीसेक रेखाटने केली आणि जामा, पटका बारकाईने उतरवले. डच कंपनी (स्थापना १६०२) सुरतेला व्यापार करीत होती, हे येथे ध्यानात घ्यावे.

पण सावध राहा. रेम्ब्रांच्या घरी परदेशी पोशाख व शस्त्रे जमवलेली होती. त्याच्या चित्रात कोणी फेटा बांधलेला दिसला म्हणून ॲमस्टरडॅममध्ये सगळे फेटे बांधत असे लिहाल, तर गुण जातील.

त्याच शहराच्या अनाथाश्रमातील मुलांचा गणवेश उभा अर्धा लाल, अर्धा काळा असे. ते शहराच्या निशाणातले रंग. मूल रस्त्यावर आले की ते कोणाचे, हे कोणाला विचारावे लागत नसे.